पालवीआधीचे पंधरा दिवस

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वही नवी, पेन नवं, मी मात्र चौऱ्याहत्तर वर्षांची जुनीच. वही टिटवीनं आणली. टिटवी म्हणजे माझी नात. लहानपणी रडायला लागली की तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली, विमानातून फोटो काढणाऱ्या कंपनीत नोकरी करते, पण घरात टिटवी ती टिटवीच.

म्हणाली, "आजी, तू बडबडतेस ते सगळं वाऱ्यावर जातं. लिहीत जा."

मी म्हटलं, "अगं, माझी शाळा चौथीतच आटोपली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

तर म्हणते, "कोंबडीच्या पायांना कोण विचारतं? अंडं देते ना, मग झालं."

अशी बोलते. कोणावर गेलीय ते सांगायला नको.

नाही म्हणायला पस्तीस वर्षं मी रोपवाटिकेत होते, तिथं झाडांच्या पत्र्याच्या पाट्यांवर नंबर मीच रंगवायचे. टेकडीवर पाण्याच्या टाकीभोवती कापराची दोनशे बारा झाडं आहेत, त्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. झाडंही आमच्याच हातची. मुकादम खड्डे मोजायचा, आम्ही सहा बाया रोपं उतरवायचो. मुकादम गेला, पाच बायाही गेल्या. मी आणि झाडं उरलोय. गुडघे त्यांचे बरे आहेत.

आज तेवढंच. हात दुखला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज टिटवीनं कॉम्प्युटरवर गंमत दाखवली. गेल्या ऑक्टोबरात वरून काढलेला आपल्या गावाचा फोटो. आणि टेकडी काय तर लालबुंद! रागावलेली सूनबाईच जशी. मी म्हटलं, "अगं बाई, आग लागली होती की काय?"

ती हसली. म्हणाली, आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो. चांगलं धडधाकट पान तो उजेड उलटा फेकतं. आजारी पान फेकत नाही, किंवा कमी फेकतं. हा कॅमेरा तो उजेड पकडतो आणि आपल्याला कळावं म्हणून लाल करून दाखवतो. म्हणजे जितकं लाल तितकं झाड सुखी. आमच्या वेळी लाल म्हणजे थांबा होतं. काळ बदलला.

बँकेच्या दारातली हिरवळ मात्र राखाडी दिसत होती. ती प्लास्टिकची आहे म्हणे! मी गेली दोन वर्षं त्या वॉचमनचं कौतुक करतेय, किती निगा राखतो म्हणून. आणि तोही मेला मान डोलावतो.

एकच फोटो काढून भागत नाही, म्हणाली. तीच जागा पुन्हा पुन्हा काढायची, मग दोन फोटो शेजारी ठेवायचे. झाड सुधारतंय का खंगतंय ते माणसाच्या डोळ्याला कळायच्या आधी फोटोत कळतं. मी म्हटलं, मग माझाही काढ एकदा. तर म्हणाली, "तू लालच दिसशील, आजी."

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रक्तदाब आहे त्यांना."

रविवार, १६ फेब्रुवारी

किती दिवसांनी माझ्याबरोबर कोणी टेकडीवर आलं! टिटवी सकाळीच म्हणाली, "चल आजी, तुझी झाडं दाखव." मी नवी चप्पल घातली. दुसऱ्याच वळणावर अंगठा कापला, पण बोलले नाही.

सगळं विचारलं तिनं. कोणतं झाड कधी लावलं, मुळांना पाणी कसं देतात, कीड कोणती लागते. मी तर सुटलेच. मग तिनं विचारलं, "आजी, यांचा वाईट दिसण्याचा असा काही काळ असतो का? म्हणजे आजारी नाही, पण वाईट."

मी म्हटलं, "असतो तर! पालवीच्या आधीचे पंधरा दिवस." बाकीची झाडं कशी, थंडीत सगळी पानं टाकून मोकळी होतात. कापराचं तसं नाही. तो वर्षभर हिरवा. पण मार्चात जुनी पानं दमतात. जणू जेवून उठलेत आणि हात धुवायचे राहिलेत. खालून बघशील तर बरं वाटतं, पण वरची पानं पार कळाहीन होतात, मग लालसर होऊन गळतात आणि मागोमाग नवी पालवी. महिनाभरात असा झळाळतो की बघत राहावं. नवा मुकादम आला होता तो पहिल्या वर्षी घाबरून फवारणी करायला निघाला होता! आम्ही बायांनी पंप लपवला.

ती लिहून घेत होती. "वरची पानं? नक्की वरचीच आधी?"

"वरचीच. विमानातून बघितलंस तर तुला वाटेल, गेली सगळी."

"आणि हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणाला असणार? मुकादमाला होतं. आता मीच एकटी."

"बरं," म्हणाली. मग उतरताना माझा हात धरला. पस्तीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नाही. साहेब लोक विचारायचे ते फक्त, पाणी घातलं का, एवढंच.

मंगळवार, ४ मार्च

टिटवी हल्ली रोज फोन करते. ऑफिसातून! सूनबाई म्हणाल्या, "आईची आठवण येत नाही, झाडांची येते." जळतात थोड्या.

आज वर जाऊन आले. सात नंबर, तेवीस नंबर, आणि टाकीमागची ओळ, तिथं सुरू झालंय. टिटवीला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे चौदाच्या आसपास पूर्ण?" मी म्हटलं, "चौदा कशाला, विमान आणायचं तर तेरालाच आण. मी टाकीपाशी उभी राहीन, हात करीन." मग म्हणाली, "नको, उन्हात नको उभी राहूस."

काळजी करते पोर.

बुधवार, १२ मार्च

झाडांचं रोज लिहून ठेव म्हणाली होती, म्हणून लिहिते. वरची पानं मेली आहेत जणू, असं वाटतं, पण फांदी चिमटीत धरली तर कोंब टचटचीत आहेत, घाबरायचं कारण नाही. पंधरा-वीस दिवसांत पालवी.

संध्याकाळी टिटवीनं या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. माझ्या अक्षराचा! मी म्हटलं, "शाई पसरलीय गं." ती म्हणाली, "चालेल."

जेवली नाही नीट. आवडती भाजी होती, तरी.

गुरुवार, १३ मार्च

विमान आलं! बारीकसं, पांढरं. टेकडीवरून सहा चकरा मारल्या. मी टाकीपाशी उभी राहून पदर हलवला. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना वरून माणूससुद्धा दिसत नाही, तुमचा पदर कुठला दिसायला." नर्सबाई म्हणजे टेकडीवरच्या बाकावरच्या माझ्या शेजारीण. निवृत्त झाल्या पण अजून सगळ्यांची नाडी बघतात.

मी म्हटलं, "आत माझी नात आहे. तिला दिसणार."

शनिवार, २९ मार्च

पालवी आली. काय सांगू! पोपटी, तांबूस, पातळ. उजेडच फांदीला फुटलाय असं वाटतं. टिटवीला फोन केला, "ये आता, आता काढ फोटो, कॅमेरा लाजेल."

म्हणाली, "आता गरज नाही, आजी. काम झालं."

"अगं, पण बरे दिवस आलेत तर तेही नको का शेजारी ठेवायला? तूच म्हणाली होतीस, पुन्हा पुन्हा काढायचे."

"मीटिंगमध्ये आहे," म्हणाली.

मोठ्या कामात असेल. एकटीनंच बघितली पालवी.

मंगळवार, ८ एप्रिल

आज काय लिहू कळत नाही. आधी घडलं ते लिहिते.

नर्सबाई दम लागेस्तोवर चालत घरी आल्या. म्हणाल्या, "चला. टेकडीवरच्या बागेच्या फाटकावर नोटीस लागलीय." मला वाटलं, पाण्याची वेळ बदलली असेल.

फळ्यावर दोन मोठे रंगीत फोटो. डावीकडे ऑक्टोबर, टेकडी लालभडक. उजवीकडे टेकडी राखाडी, फिकी, बँकेच्या प्लास्टिकसारखी. खाली तारीख, १३ मार्च. नर्सबाईंनी मोठ्यानं वाचलं. पाच महिन्यांत निम्म्याहून अधिक झाडं आजारी. कायद्याप्रमाणे तीनातलं एक झाड आजारी निघालं तर बागेचं संरक्षण उठतं. मग झाडं काढून टेकडीवर गाड्या उभ्या करायचा तळ आणि दुकानं. हरकत असल्यास सतरा तारखेला सभागृहात यावे.

आणि एकदम खाली, चौकटीत, "स्थानिक जाणकार व्यक्तीची नोंद." माझं अक्षर. कोंबडीचे पाय. शाई पसरलेली. "वरची पानं मेली आहेत जणू." एवढंच. पुढचं सगळं कापलेलं.

नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चूक झाली असेल. पोरीला घाईत पुढचं पान मिळालं नसेल."

"पुढचं वेगळ्या पानावर होतं?" नर्सबाई म्हणाल्या.

नाही, एकाच पानावर होतं.

टिटवीला फोन केला. म्हटलं, "बाळा, तुझ्या ऑफिसात घोळ झालाय. नेमका वाईट पंधरवडा फोटोत आलाय, आणि माझं वाक्य अर्धंच लागलंय. साहेबांना लगेच सांग, नाहीतर तुझ्यावर यायचं." मी चार वेळा हॅलो म्हटलं. तेव्हा तिचा श्वास ऐकू आला.

मला तेव्हा कळलं. तरी मी म्हटलं, बहुतेक लाइन खराब आहे.

बुधवार, ९ एप्रिल

ती आली. मुलगा आणि सूनबाई कामावर होते. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. मी पाणी दिलं. प्यायली नाही.

"मी खोटं काही छापलं नाही, आजी. फोटो खरा आहे. तारीख खरी आहे. वाक्यही तुझंच आहे."

"खरं आहे," मी म्हटलं. "दुधात पाणी घालणाराही म्हणतो, दूध खरं आहे, पाणीही खरं आहे."

"तुला कळत नाही. टेकडी आज ना उद्या जाणारच होती. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं."

"दुसऱ्याला पंधरवडा कोण सांगणार होतं?"

तिनं पेला उंबऱ्यावर ठेवला. मग बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "साहेब म्हणाले, हे काम नीट झालं की उत्तरेच्या जंगलाची पाहणी माझ्याकडे. वर्षभर विमानात, माझा स्वतःचा कॅमेरा. हजारो मैल झाडं, आजी. दोनशे बारा नाही. तिथं खरं काम होईल. तिथली झाडं वाचतील."

"आणि तिथल्या झाडांचे वाईट दिवस कोणाला विचारशील? तिथली एखादी आजी गाठशील?"

रडली. मीही रडले असते, पण मला तो रविवार आठवत होता. उतरताना हात धरला होता ना, तो. गुडघ्यासाठी धरला होता की कशासाठी, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. गुडघ्यासाठी म्हणाली असती तरी आता मला खरं वाटलं नसतं.

जाताना म्हणाली, "सतराला तू येऊ नकोस. प्लीज. तू बोललीस तर साहेब मलाच पुढे करतील."

शनिवार, १२ एप्रिल

मुलाला सांगितलं. तो नखं बघत बसला. म्हणाला, "आई, झाडं परत लावता येतात."

"चाळीस वर्षं लागतात रे."

"पोरीचं आयुष्य तर त्याहून लांब आहे ना?"

मी उठून वही काढली.

गुरुवार, १७ एप्रिल

गेले.

सभागृह थंडगार, खुर्च्या इतक्या मऊ की उठता येईना. मधोमध अध्यक्षबाई, करड्या केसांच्या. बाजूला टिटवीचे साहेब, कडक इस्त्रीतला माणूस. टिटवी त्यांच्यामागे, फायली धरून. मला बघितलं आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, कापराची झाडं मार्चात अशीच दिसतात, आता जाऊन बघा, पालवीनं भरलीत. साहेब उठून फार गोड बोलले. "आजींचा अनुभव मोठा आहे. पण झाडांचा हा ऋतू आम्हाला ठाऊक नव्हता. आम्ही ठरलेल्या तारखेला विमान नेलं. चूक असली तर ती प्रामाणिक आहे."

अध्यक्षबाई नियमांचं पुस्तक चाळत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, नीट ऐका. पाहणी करणाऱ्यांना माहीत नसताना असं झालं असेल, तर अहवाल मला ग्राह्य धरावा लागतो. जाणूनबुजून वेळ साधली असेल, तरच मी तो फेटाळू शकते. तुम्ही सांगताय हे पंधरा दिवसांचं, ते विमान उडायच्या आधी त्यांच्यापैकी कोणाला माहीत होतं?"

नर्सबाईंनी माझं मनगट धरलं. नाडीच बघत असतील.

मला वाटलं, टिटवी बोलेल. मी थांबले. खरंच थांबले. मनात म्हटलं, बोल ग माझी बाय, एक शब्द, मग मला बोलावं लागणार नाही. ती फायलींची कड नखानं सारखी करत होती.

म्हटलं, "हो. माहीत होतं. मीच सांगितलं होतं. फेब्रुवारीच्या सोळा तारखेला. आणि तेरा मार्च ही तारीखही माझीच."

"कोणाला सांगितलं होतं?"

"माझ्या नातीला. ती मागे उभी आहे, तिला."

आवाज माझाच होता, पण दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातून आल्यासारखा. साहेबांनी मागे वळून टिटवीकडे असं बघितलं, जसं काही तिला ते पहिल्यांदाच बघतायत. मला वाटलं, या माणसाला एक थोबाडीत द्यावी. तरी तिच्यापेक्षा मला तोच कमी परका वाटला. त्यानं कधी माझा हात धरून मला काही विचारलं नव्हतं.

अहवाल फेटाळला. नवी पाहणी, दुसऱ्या कंपनीकडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा वाजल्या असतील. मला बाथरूमला जायचं होतं.

सोमवार, २१ एप्रिल

टिटवीला कामावरून काढलं. साहेबांनी सगळं तिच्यावर ढकललं. दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे गेली. मला सांगून गेली नाही.

सूनबाई ताट वाढताना म्हणाल्या, "झाडं राहिली, पोरगी गेली. आता झाडंच येतील रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला."

मी जेवले. उठून गेले असते तर त्यांना वाटलं असतं, मला पश्चात्ताप झाला. झाला नाही असंही नाही. पण तो मी एकटीनंच करायचा का? तिनं माझं बोलणं विकलं, मी तिचं नाव सांगितलं. तराजूत टाकायला बसले तर पारडं कधी इकडे, कधी तिकडे.

शुक्रवार, २ मे

टिटवीचा फोन आला, मुलाच्या मोबाइलवर. तो स्पीकर लावून माझ्यासमोर धरून बसला.

"आजी, तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. माहीत नाही म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर झाडं गेली असती."

"मला झाडांपेक्षा कमी धरलंस."

मी म्हटलं, "नाही ग. तुला जास्त धरलं होतं, म्हणून तर सगळं सांगून बसले."

ती म्हणाली, "ठेवते." आणि ठेवला.

मुलानं मोबाइल खिशात टाकला, मग परत काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आई, चहा घेतेस?" एवढं तरी.

मंगळवार, २० मे

नवीन कंपनीची बाई आली होती. चाळिशीची, टोपीवाली, चांगली वाटली. टेकडीवर आमच्या बाकाशी येऊन बसली. नर्सबाईंनी सांगितलं असणार तिला, झाडांचं काही हवं असेल तर या म्हातारीला गाठा. बाटलीतलं पाणी मला आधी दिलं. मग म्हणाली, "आजी, कोणत्या महिन्यांत उडालं तर ही झाडं खरी कशी आहेत ते कळेल?"

माझं तोंड उघडलं होतं. जून, मग ऑक्टोबर, मार्चातही काढ पण महिन्याभरानं परत काढ, सगळं जिभेवर होतं. सात नंबरची खोड, तेवीसची वाळवी, सगळं.

मी तोंड मिटलं. नर्सबाई दचकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला मध्येच थांबलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही हे कशासाठी विचारताय ते आधी कागदावर लिहून द्या. आणि खाली सही करा."

तिला राग आला नाही. वही काढली, लिहिलं, सही केली. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. दहा मिनिटं तरी लागली असतील. ती थांबली. मग मी सगळं सांगितलं.

घरी येताना वाटेत बसायला लागलं. गुडघा नव्हता दुखत. एवढा साधा शब्द, कशासाठी. त्या रविवारी मला तो सुचलाच नाही. आणि सुचला असता तरी आपल्या नातीला कोण विचारतं?